परवाना लागत नाही म्हणून शर्टाखाली पिस्तूल? आधी हे गैरसमज दूर करा

निशिगंध (डॅलस)

परवा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या बैठकीत सुरक्षेचा विषय निघाला. चार-पाच जणांचं एकच म्हणणं पडलं: टेक्ससमध्ये आता परवाना लागत नाही, तेव्हा कार्यक्रमाला निदान दोघा-तिघांनी शर्टाखाली पिस्तूल लावून यावं. मी गेली काही वर्षं स्वतः पिस्तूल बाळगते, परवाना काढून. त्यामुळे हा धागा पिस्तुलाच्या विरोधात नाही. पण त्या दिवशी जे कानावर पडलं त्यातलं बरंचसं चूक होतं, आणि या विषयातल्या चुकीच्या माहितीने माणसं मरतात किंवा तुरुंगात जातात.

परवान्यापासून सुरुवात करते. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते, हे खरं. असे कायदे आता २९ राज्यांत आहेत. पण परवाना नको म्हणजे कुठेही चालेल असं नाही. आपला गणपती हायस्कूलच्या सभागृहात असतो. शाळेने लेखी परवानगी दिली नसेल तर शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे, परवाना असो वा नसो. शिवाय शाळेपासून १००० फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल बाळगायला केंद्रीय कायद्याची बंदी आहे. त्यातून सूट मिळते ती त्या राज्याचा परवाना असणाऱ्याला. म्हणजे 'परवान्याची कटकट कशाला' म्हणणारा माणूसच इथे आधी अडकतो.

राज्याची हद्द ओलांडली की सगळं बदलतं. टेक्ससचा परवाना न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्नियात चालत नाही. २०१३ साली पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या एका बाईंना न्यू जर्सीत वाहतूक पोलिसांनी थांबवलं. त्यांनी आपणहून पिस्तुलाबद्दल सांगितलं आणि त्यांना अटक झाली. त्यातून पूर्ण सुटायला २०१५ मध्ये गव्हर्नरची माफी लागली.

दुसरा गैरसमज: पिस्तूल जवळ आहे म्हणजे वेळेला हातात येईल. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की चाकू घेतलेला धडधाकट माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. २१ फूट म्हणजे मोठ्या दिवाणखान्याची लांबी. तेवढ्या वेळात तुम्ही आधी धोका ओळखायचा, शर्ट वर ओढायचा, मूठ नीट पकडायची, पिस्तूल काढायचं आणि नेम धरायचा. त्यात शर्ट निसटला, बोटांत गोळा झाला की संपलं. हे सरावाच्या रेंजवरच्या मोकळ्या उजेडातही नवख्यांना जमत नाही. मी रोज बघते.

आणि नेम? रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या नोंदी तपासल्या. समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या साधारण १८ गोळ्या लागल्या. ही प्रशिक्षित माणसं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडून खुन्याला मारलं, पण त्यात नऊ वाटसरू जखमी झाले. सभागृहात चारशे माणसं, पुढे सतरंजीवर पोरं बसलेली. तिथे चुकलेली गोळी कुठे जाईल याचा विचार बैठकीत एकानेही केला नाही.

'एक गोळी लागली की माणूस कोसळतो' हे सिनेमात. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या चकमकीत एका दरोडेखोराला सुरुवातीलाच छातीत गोळी लागली होती, ती हृदयाच्या अलीकडे थांबली. त्यानंतर तो लढत राहिला आणि दोन एजंट मारले गेले. 'मोठ्या कॅलिबरचं (जाड गोळीचं) घ्या' म्हणून दुकानदार जे गळ्यात मारतात त्याला फारसा अर्थ नाही. एफबीआयही मोठ्या गोळीकडे जाऊन शेवटी ९ एमएमवर परत आली.

बायकांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे पर्समध्ये ठेवा. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोतल्या हेडनच्या वॉलमार्टमध्ये एका तरुण आईच्या पर्समधून तिच्या दोन वर्षांच्या मुलाने पिस्तूल काढलं आणि ती जागीच गेली. पर्स खास पिस्तुलासाठी बनवलेली होती, चेनचा वेगळा कप्पा होता, तिच्याकडे परवाना होता. पिस्तूल अंगावरच हवं, आणि चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्येच (पिस्तुलाच्या म्यानातच) हवं. नुसत्या खिशात नको. बऱ्याच पिस्तुलांना हाताने लावायचं सेफ्टीचं बटण नसतं, चापालाच काय ती कळ असते. हुडीची दोरी होल्स्टरच्या तोंडाशी आली, तुम्ही न बघता पिस्तूल आत खुपसलं, दोरी चापाला अडकली की बार उडतो, तोही मांडीत. म्हणून पिस्तूल ठेवताना घाई कधीच करायची नाही. शर्ट बाजूला, डोळे होल्स्टरवर, बोट चापापासून लांब.

गोदाकाठ (जॉर्जिया)

ताई, तुमचा अभ्यास मोठा आहे, पण हे वाचून माणूस घाबरून काहीच करणार नाही. माझा गॅस स्टेशनचा धंदा आहे, हायवेच्या कडेला. रात्री अकरानंतर काउंटरला मी एकटा. ९११ ला (आणीबाणीच्या नंबरला) फोन केला तर शेरीफची (इथल्या पोलिसांची) गाडी यायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. तुमच्या दीड सेकंदाचं म्हणाल, तर माझ्याकडे पिस्तूल नसेल तेव्हा तोच दीड सेकंद मला काय देतो?

१७ जुलै २०२२ ला इंडियानातल्या ग्रीनवुड पार्क मॉलमध्ये एकाने फूड कोर्टात गोळीबार सुरू केला, तिघे गेले. २२ वर्षांच्या एका साध्या पोराने पंधरा सेकंदांत, लांबून, त्याला आडवा केला. पोलीस नव्हता, सैनिक नव्हता. इंडियानात परवान्याची अट उठून जेमतेम दोन आठवडे झाले होते. आणि मॉलचा नियम काय होता? शस्त्र आणू नका! तो नियम त्याने पाळला असता तर आणखी किती प्रेतं पडली असती? क्लेक आणि गर्ट्झ यांच्या १९९५ च्या पाहणीत वर्षाला वीस-पंचवीस लाख वेळा बंदुकीने बचाव होतो असं निघालं होतं. ते का सांगत नाही?

सह्यकडा (शिकागो)

मी इमर्जन्सी विभागात नर्स आहे. गोदाकाठ, तुमच्या एकटेपणाबद्दल मला काहीच उणं बोलायचं नाही. पण तो पंचवीस लाखांचा आकडा टिकत नाही. तो काही हजार लोकांना फोन करून काढलेला अंदाज आहे. एवढ्या क्वचित घडणाऱ्या गोष्टीत शंभरातल्या एकाने जरी फुगवून सांगितलं तरी देशभराचा आकडा लाखांनी चढतो. सरकारच्या गुन्हेपीडितांच्या पाहणीत हाच आकडा वर्षाला साठ-सत्तर हजारांच्या आसपास येतो.

आणि निशिगंधताई, तुम्ही इतकं लिहिलंत, पण सगळ्यात मोठा गैरसमज राहिला: धोका बाहेरून येतो हा. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. निम्म्याहून जास्त! आमच्याकडे औषधाच्या गोळ्या खाऊन आलेले बहुतेक वाचतात, उपचार करतो, समुपदेशकाकडे पाठवतो, पुढे ती माणसं जगतात. पिस्तूल वापरलेली बहुतेक माणसं आमच्यापर्यंत येतच नाहीत. नोकरी गेलेला, व्हिसा अडकलेला, मुलाबाळांत कुणाशी बोलू न शकणारा आपला माणूस आणि कपाटात भरलेलं पिस्तूल, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. माझं मत स्पष्ट आहे, घरात नकोच.

ग्रीनवुडचं उदाहरण सगळे देतात. २१ जून २०२१ ला कोलोरॅडोतल्या अर्व्हाडात काय झालं ते कुणी सांगत नाही. पोलिसाला मारणाऱ्या बंदूकधाऱ्याला एका नागरिकाने गोळी घालून थांबवलं. मग त्याने त्या मारेकऱ्याची रायफल उचलली. तेवढ्यात आलेल्या पोलिसाने त्यालाच मारेकरी समजून गोळी घातली. शौर्य केलेला माणूस गेला.

मालवणी_माणूस

एक साधा प्रश्न. मी एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, टेक्ससमध्येच. ऑफिसातला मित्र म्हणतो ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं की दुकानात मिळतं. घेऊ का?

निशिगंध (डॅलस)

नाही! आधी हेच लिहायला हवं होतं इतकं हे महत्त्वाचं आहे. एच-१बी, एच-४ (त्यांच्या जोडीदाराचा), एफ-१ (विद्यार्थ्यांचा), पाहुण्यांचा व्हिसा, या सगळ्यांवर असणाऱ्यांना बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, वर देशातून हकालपट्टी. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. टेक्ससच्या कायद्याने परवान्याची अट काढली, केंद्राचा कायदा तसाच आहे. आणि ताबा म्हणजे हातातच असायला हवं असं नाही. तुमच्या खोलीतल्या नागरिक मित्राने पिस्तूल घेतलं आणि तिजोरीचा नंबर तुम्हालाही सांगितला, तर तुम्हीही गोत्यात येऊ शकता. गांजाचंही तसंच: राज्यात कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी गांजा ओढणाऱ्याला बंदूक ठेवता येत नाही.

गोदाकाठ, ग्रीनवुडचा मुलगा अफाट होता. त्याच्या दहापैकी आठ गोळ्या लागल्या, तेही सुमारे चाळीस यार्डांवरून. टेक्ससच्या परवान्याच्या परीक्षेत सगळ्यात लांबचं लक्ष्य १५ यार्डांवर असतं, पन्नास गोळ्या, आणि सत्तर टक्के गुणांना पास. तेसुद्धा घाम न फुटता, अंगावर कुणी येत नसताना. त्याच्यावरून मंडळातल्या दोघा-तिघांचा हिशेब मांडता येत नाही. तुमच्या काउंटरची गोष्ट वेगळी आहे. तिथे मी तुमच्या बाजूने आहे, फक्त काउंटरखालच्या खणात ठेवू नका. कामगार बदलतात, खण उघडा राहतो. अंगावर ठेवा.

सह्यकडा, घरात नकोच, हे मला पटत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला तिचा घटस्फोटित नवरा दारात येऊन धमकावत होता. कोर्टाचा मनाई हुकूम होता, तरी यायचा. अशा मुलीला मी 'पोलिसांवर भरवसा ठेव' एवढंच सांगू शकत नाही. पण आत्महत्येचं तुम्ही लिहिलंत ते माझ्या लिखाणात असायलाच हवं होतं. आमच्या घरी ठरलंय: दोघांपैकी कुणाचंही मन ठिकाणावर नसेल तर पिस्तूल मैत्रिणीच्या तिजोरीत जातं, त्यावर वाद घालायचा नाही.

रानवेल (मिनियापोलिस)

सगळे कायद्याचं बोलताय. कातडीचं कोण बोलणार? ६ जुलै २०१६ ला आमच्या शेजारच्या फाल्कन हाइट्समध्ये फिलँडो कॅस्टिलला पोलिसांनी गाडीत थांबवलं. त्याच्याकडे परवाना होता. त्याने शांतपणे सांगितलं, माझ्याजवळ पिस्तूल आहे. काही सेकंदांत त्याला गोळ्या घातल्या, मागच्या सीटवर चार वर्षांची पोर होती. पोलीस निर्दोष सुटला. तो काळा होता, आपण नाही, असं म्हणून झोपता येईल का? २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथला आपल्या श्रीनिवास कुचिभोटला या भारतीय इंजिनिअरला गोळी घालणाऱ्याला तो इराणी वाटला होता. आपण कोण आहोत हे रात्रीच्या अंधारात समोरचाच ठरवतो. दाढीवाला सावळा माणूस, हातात पिस्तूल, समोर घाबरलेला पोलीस. माझ्या नवऱ्याला मी हे कधीच करू देणार नाही.

गोदाकाठ (जॉर्जिया)

रानवेलताई, ओलेथचा दाखला तुम्ही माझ्याच बाजूने दिलात. द्वेषाने पेटलेला माणूस समोर आला तर मी रिकाम्या हाताने उभं राहायचं? आणि नुसतं दाखवलं तरी नव्वद टक्के चोर पळतात, गोळी घालायची वेळच येत नाही.

निशिगंध (डॅलस)

त्या नव्वद टक्क्यांना आधार काय? आणि 'नुसतं दाखवणं' हाच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. पार्किंगमध्ये भांडण झालं, तुम्ही शर्ट वर करून पिस्तुलाची मूठ दाखवली. समोरचा पळाला आणि त्यानेच आधी ९११ ला फोन केला. आता पोलिसांच्या लेखी तक्रारदार तो, आरोपी तुम्ही. ज्या प्रसंगात बळ वापरणं समर्थनीय नव्हतं तिथे पिस्तूल दाखवणं हा गुन्हाच. भांडण तुम्ही उकरून काढलं असेल तर टेक्ससच्या कायद्यातही स्वसंरक्षणाची बाजू लुळी पडते. पिस्तूल कमरेला असलं की रस्त्यावरच्या शिव्या गिळायच्या, हॉर्नला उत्तर द्यायचं नाही, पार्किंगची जागा सोडून द्यायची. ज्याला हे जमत नाही त्याने बाळगू नये, मग परवाना असो की नसो.

रानवेल, तुमच्या भीतीवर माझ्याकडे उत्तर नाही. पोलीस थांबवतो तेव्हा माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात, आतला दिवा लावलेला असतो, आणि तरीही छातीत धडधडतं.

सह्यकडा (शिकागो)

आणखी एक भर. विमानतळावरच्या तपासणीत २०२३ साली ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या. बहुतेकांचं उत्तर एकच: 'बॅगेत होती, विसरलो.' जो माणूस भरलेलं पिस्तूल कुठे ठेवलंय ते विसरतो त्याच्या घरी उन्हाळ्यात आजी-आजोबा, नातवंडं येतात. आजीला कपाट लावायची सवय असते.

निशिगंध (डॅलस)

हे अगदी खरं. आमच्याकडे आई-बाबा आले की पहिल्या दिवशी तिजोरी कुठे आहे ते दाखवते, नंबर सांगत नाही. आई दोन दिवस रुसते. रुसू दे.

मंडळाचं सांगायचं राहिलं. काल पुन्हा बैठक झाली. ड्युटीवर नसलेले दोन पोलीस गणवेशात, पैसे देऊन बोलवायचे असं ठरलंय. शाळेला आज पत्र जातंय. दोघांनी अजून आपला हट्ट सोडलेला नाही, त्यांना हा धागा पाठवला आहे. गोदाकाठ, तुम्ही होल्स्टर कुठल्या मापाचा घ्यायचा ते विचारलं होतंत निरोपात. पिस्तुलाचं मॉडेल कळवा, दुसऱ्याच मॉडेलसाठी बनवलेला घेऊ नका.

गोदाकाठ (जॉर्जिया)

मॉडेल कळवतो. बाकी मत तेच आहे माझं.