आकड्यांचं खूळ आणि पहिली नोकरी : तुमचे अनुभव सांगा

सातपायऱ्या

नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षा अडकली की मी पुढच्या गाडीच्या नंबरची वजाबाकी करत बसते. एमएच 15 च्या मागचे चार आकडे घ्यायचे. एकदा उतरत्या क्रमाने लावायचे, एकदा चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करायचा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. 4815 असेल तर 8541 वजा 1458, झाले 7083. मग 8730 वजा 0378, 8352. मग 8532 वजा 2358, 6174. इथे खेळ संपतो, कारण 6174 चे पुन्हा 6174च होतात. चारही आकडे सारखे नसले की कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचता. द्वारकेला सात पायऱ्या आरामात होतात.

हे शोधून काढणारे द. रा. कापरेकर 1930 ते 1962 आपल्या देवळालीत शाळामास्तर होते. 6174 ची गंमत 1949 ची. पुढे 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. मी नाशिक रोडला वाढले. देवळालीला आम्ही मावशीकडे महिन्यातून दोनदा जायचो. तरी हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला.

त्या रात्री पायथॉन या संगणकाच्या भाषेत लूप लावला, म्हणजे तीच कृती मशीनला पुन्हा पुन्हा करायला लावली. 0000 ते 9999, त्यातून 1111, 2222 असले दहा काढून टाकले, उरले 9990. डोळा लवायच्या आत उत्तर आलं. पूर्ण सात पायऱ्या लागणारे 2184 निघाले, आणि त्यात माझं जन्मसाल 2005 पण! लई खूश झाले. दुसऱ्या दिवशी मॅडमना दाखवलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "सगळे तिथेच जातात हे तुला मशीनने सांगितलं. का जातात ते तू सांग."

आठवडा गेला. वहीत आकड्यांच्या जागी अ, ब, क, ड लिहिले (अ सगळ्यात मोठा, ड सगळ्यात लहान) आणि वजाबाकी मांडली. उरलं एवढंच : 999 गुणिले (अ − ड), अधिक 90 गुणिले (ब − क). म्हणजे सुरुवातीची संख्या कुठलीही असो, पहिल्या वजाबाकीनंतर फक्त हे दोन फरक महत्त्वाचे. अ − ड हा 1 ते 9 मधला काहीतरी, आणि ब − क त्याच्याहून मोठा असूच शकत नाही. मोजले तर सगळे मिळून 54. माझ्या लूपने 9990 दारं ठोठावली होती, आणि दुसऱ्या पायरीवर सगळी जनता 54 खोल्यांत बसलेली. चोपन्न तर कागदावर होतात. केले मी, आईच्या किराणाच्या वहीच्या मागच्या पानांवर.

आता गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ट्रेनी म्हणून लागून दोन महिने झालेत. पहिल्या महिन्यात एका बटणाचा रंग तीन वेळा बदलला. ग्राहकाला अजून पटलेला नाही. म्हणून हा धागा. तुम्ही कामाला लागलात तेव्हा गणित कुठे भेटलं? भेटलं का मुळात? नाशिकच्या, नाशिकहून गेलेल्या, परत आलेल्या सगळ्यांनी लिहा. दादा-ताई-काका लोकांनी जरूर लिहा.

सरळधोपट

आठ वर्षं झाली या धंद्यात. फॉर्म, टेबल, रिपोर्ट, पुन्हा फॉर्म. बेरीज-वजाबाकीच्या पलीकडचं गणित हाताला लागलेलं नाही. उगाच नव्या मुलांना घाबरवू नका. दुसऱ्याने लिहिलेला कोड न चिडता वाचता आला पाहिजे आणि ग्राहकाचा फोन उचलता आला पाहिजे, बाकी होतं हळूहळू. बटणाचा रंग माझ्याकडे पाच वेळा बदलून झालाय.

कांदाचाळ

सरळधोपट भाऊ, त्या बेरजेनेच माझी लाज काढली होती.

शिकत असताना लासलगावच्या एका व्यापाऱ्याकडे हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. ट्रॅक्टर येतो, वजन होतं, भाव लागतो, हमाली-तोलाई वजा होते, खाली निव्वळ रक्कम. सोपं वाटतं ना? मला पण वाटलं. रुपयांचे पैसे करायला मी शंभराने गुणायचो आणि दशांश चिन्हापुढचं उडवून टाकायचो. चौथ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी खिडकीशी पट्टी घेऊन आले. त्याच पट्टीच्या पाठीवर पेनाने स्वतःचा हिशोब मांडलेला. म्हणाले, "तुमचं मशीन दर वेळी खालीच चुकतं व्हय? वर कधी चुकत नाही?"

पैशांचा फरक होता, रुपयाचा पण नाही. पण प्रश्न बरोबर होता. व्यापारी माझ्याकडे बघतोय, मी स्क्रीनकडे, मागे रांग. त्या दिवशी पट्ट्या हाताने लिहिल्या.

रात्री शोधलं. 1.15 ला 100 ने गुणलं की तुम्ही-आम्ही 115 म्हणतो. मशीन म्हणतं 114.99999999999999. मी पुढचं उडवलं की राहिले 114. मशीन आत सगळं दोनाच्या भाषेत ठेवतं : अर्धा, पाव, अष्टमांश असे तुकडे जोडून. त्या तुकड्यांनी 1.15 नेमका भरत नाही, जसा आपल्या दशांशात एक तृतीयांश 0.333 करत कधीच संपत नाही तसा. 0.1 पण भरत नाही. लूपमध्ये दहा वेळा 0.1 मिळवून बघा, 0.9999999999999999 येतं.

इलाज साधा. पैसा हा पूर्णांकच ठेवायचा, रुपये फक्त छापताना दाखवायचे. तेव्हापासून आजपर्यंत मी रक्कम दशांशात साठवलेली नाही. नंतर एका मोठ्या कंपनीत इंटरव्ह्यूला हाच किस्सा सांगितला, बाकी काही विशेष विचारलंच नाही त्यांनी. ते आजोबा पुन्हा दिसले असते तर पाया पडलो असतो.

व्हीएमसीवाला

माझं शिक्षण आयटीआय, मशिनिस्ट. अंबडला शॉपफ्लोअरवर व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं धातूकामाचं मशीन) चालवायचो. धागा इंजिनिअर लोकांचा दिसतोय, तरी लिहितो.

एक फ्लँज (पाइप जोडायची गोल चकती) होती. 100 मिलीमीटर व्यासाच्या वर्तुळावर सहा भोकं, साठ-साठ अंशांवर. प्रत्येक भोकाचे एक्स-वाय आम्ही कॅल्क्युलेटरवर साइन-कॉस करून काढायचो आणि हाताने प्रोग्रॅममध्ये टाकायचो. सहा भोकांचं ठीक आहे, पण छत्तीस भोकांचा जॉब आला की डोकं दुखायचं. मोबाइलवर पायथॉन टाकलं होतं, त्यात चार ओळी लिहिल्या की हे आकडे आपोआप यावेत. आले. पहिलं भोक एक्स 50, वाय 0. बरोबर. म्हटलं जमलं, आणि बाकीचे न बघता मशीनला दिले.

नशीब की इंचार्ज साहेबांची शिस्त होती. नवा प्रोग्रॅम आधी टूल वर उचलून हवेत, सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेका ओळीला थांबत. पहिलं भोक बरोबर. दुसऱ्याला टूल उजवीकडे वर जायला पाहिजे, एक्स 25, वाय 43.301. ते गेलं डावीकडे खाली, एक्स −47.621, वाय −15.241. साहेब काही बोलले नाहीत. फक्त फीड (टूल सरकायचा वेग) शून्यावर आणला आणि चहाला गेले.

भाच्याच्या बारावीच्या पुस्तकात उत्तर सापडलं. पायथॉनला कोन अंशात लागत नाही, रेडियनमध्ये लागतो. त्रिज्येएवढा दोरा घेऊन वर्तुळाच्या कडेवर ठेवायचा, तो जेवढा कोन व्यापतो तो एक रेडियन. मी 60 दिले म्हणजे त्याच्या मते साडेनऊ चकरा मारून भलतीकडे थांबा. शून्य अंश आणि शून्य रेडियन एकच, म्हणून पहिलं भोक बरोबर आलं आणि मी फसलो.

हे कळल्यावर चटक लागली. मग मॅक्रो (मशीनच्या प्रोग्रॅममध्येच गणित करायच्या सूचना) शिकलो, आता प्रोग्रॅमिंगच्या टेबलावर बसतो. पगार वाढला, कुलंट अंगावर उडायचं थांबलं. पण पहिलं उत्तर बरोबर आलं की अजून धास्ती वाटते.

सिडकोची ताई

वाचतेय. व्हीएमसीवाले दादा, एक नंबर लिहिलंत. शेवटची ओळ मी आमच्या टीमला पाठवली.

मला दहावीला गणितात काठावर पास केलं होतं. लग्नानंतर एमएस-सीआयटी केलं, मग मुक्त विद्यापीठातून पदवी. पहिली नोकरी डेटा एन्ट्रीची, सातपूरला. तिथे एकदा चाळीस हजार नावांच्या यादीतून दुबार नोंदी काढायच्या होत्या. मी नुकतंच लूप शिकले होते, तर प्रत्येक नाव प्रत्येकाशी ताडायला लावलं आणि डबा खायला गेले. डबा झाला, चहा झाला, संध्याकाळ झाली, मशीनचा पंखा घरघरतोय. त्या जुन्या पीसीवर ते कधी संपलंच नाही.

बसने घरी जाताना बोटांवर हिशोब केला. जोड्या किती? जवळजवळ 80 कोटी. मलाच घाम फुटला. आणि मग आठवलं, धुतलेले मोजे जुळवताना मी काय करते? एक मोजा उचलून सगळ्या ढिगाशी थोडीच ताडते? आधी रंगाने लावते, मग जोडी शेजारीच सापडते. दुसऱ्या दिवशी आधी नावं क्रमाने लावली आणि फक्त शेजाऱ्याशी ताडली. चहा यायच्या आत काम झालं. क्रम लावायला मोटामोटी सहा-सात लाख तुलना लागतात, हे बरंच नंतर कळलं.

मी गणितात कच्ची आहे असं मी पंधरा वर्षं सगळ्यांना सांगत होते. आता सांगत नाही.

उभ्याने पंचवटी

नाशिक रोडवरून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून रोज मुंबई. बसायला मिळतं ते पासवाल्यांच्या ग्रुपच्या कृपेने, म्हणून हे नाव. थोडक्यात लिहितो, कसारा आला की रेंज जाते.

पहिला इंटरव्ह्यू. संख्या मूळ आहे का ते तपासणारा प्रोग्रॅम लिहा. लिहिला, दोनपासून त्या संख्येपर्यंत भाग देत जायचं. समोरच्या बाईंनी संख्या दिली एक अब्ज सात. मशीन बसलं फिरत. त्या शांतपणे म्हणाल्या, "याचे दोन अवयव असतील तर दोघंही वर्गमुळापेक्षा मोठे असतील का?" मी दोन मिनिटं गप्प. मग एक ओळ बदलली, 31,622 ला थांबायचं. लगेच उत्तर आलं, मूळ आहे. नोकरी नाही मिळाली. दुसरीकडे मिळाली, तिथे हे कुणी विचारलंही नाही.

सातपायऱ्या, पुण्या-मुंबईला जाऊ की नाशिकलाच थांबू हा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण विचारशील. पहिली दोन वर्षं जिथे कोणी तुझा कोड वाचून चुका दाखवेल तिथे जा. ते गंगापूर रोडला असेल तर भाग्यवान आहेस. कसारा आला

सोळा आणे

मुलीने ही लिंक वाचायला दिली. मी नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त. आयुष्य नोटांच्या सान्निध्यात गेलं, त्या आपल्या नव्हत्या एवढंच.

कांदाचाळ यांचा मजकूर तीनदा वाचला. आमच्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. पावशेर, छटाक, सगळं अर्ध्याचं अर्धं. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ करून घेत. चुकलं की पट्टी. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण सव्वा कुठून देणार? म्हणून तक्त्यात एका आण्याला सहा, दोनाला बारा, तिनाला एकोणीस, चाराला पंचवीस. आम्ही पोरं दुकानात भांडायचो. चार वेळा एकेक आण्याचं घेतलं तर चोवीस, एकदम चार आण्यांचं घेतलं तर पंचवीस, हे कसं? वाणी म्हणायचा, सरकारला विचार.

तर माझी शंका अशी. मशीनला अर्धा, पाव, अष्टमांश नेमके कळतात असं तुम्ही लिहिलंत. मग आमचा जुना पैसा, रुपयाचा चौसष्टावा भाग, त्याला नेमका कळायला हवा? पै जमणार नाही, ती रुपयाला 192 होत्या, त्यात तीनाचा भाग येतो. मला मशीन चालवता येत नाही. कोणी करून सांगेल का?

सातपायऱ्या

काका, नमस्कार. आत्ता जेवायच्या सुट्टीत करून पाहिलं. दोन लूप, दोन्ही शून्यापासून.

नवा पैसा, 0.01, शंभर वेळा मिळवला : 1.0000000000000007.

जुना पैसा, 0.015625, चौसष्ट वेळा मिळवला : 1.0.

शेजारचा सीनियर वाकून बघत होता. त्याला आणे म्हणजे काय ते सांगतेय. तुमची पाऊणकी अजून पाठ आहे का?

सोळा आणे

तिसापर्यंत. मधून विचार.