रात्रीचा ऑन-कॉल: फोनवर काय विचारायचं, पोचल्यावर काय करायचं?

नवी_फिजिओ
मंडळी, आयसीयूची रात्रीची ऑन-कॉल ड्युटी लागतेय. फोन बहुतेक वेळा "सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) पडतंय, चेस्ट फिजिओ (छातीतला कफ काढायची फिजिओथेरपी) करून जा" एवढाच येतो, असं सीनियर सांगतात. निघण्याआधी काय विचारून घ्यावं? आणि ट्यूबवरच्या (श्वासनलिकेत नळी घातलेल्या) पेशंटचं सक्शन, म्हणजे नळीतून कफ ओढून काढणं, करताना काय सांभाळावं?

श्वासमित्र
सॅच्युरेशनसोबत ऑक्सिजन किती चालू आहे ते विचाराच. साध्या हवेवरचे ९४ आणि ६० टक्क्यांवरचे ९४ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग बीपी, नॉरॲड्रिनलिनचा (बीपी टिकवायच्या औषधाचा) डोस वाढतोय का, प्लेटलेट्स, रात्रीचा एक्स-रे, कफ कसा आणि किती.

कफ अडकलाय, त्यामुळे फुप्फुसाचा भाग मिटलाय किंवा खोकल्यात जोर नाही, तर आपला उपयोग आहे. पल्मनरी एडिमा (फुप्फुसाच्या आत पाणी), फुप्फुसाभोवतीचं पाणी, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा) यांत नाही. गुलाबी फेसाळ कफ असेल तर डॉक्टरांना आधी बोलवा. एक्स-रेत एक बाजू पूर्ण पांढरी असेल तर श्वासनलिका बघा: त्याच बाजूला ओढलेली असेल तर फुप्फुस मिटलंय, विरुद्ध बाजूला ढकललेली असेल तर बहुधा पाणी. ही एक खूण ओळखता आली तर बरेच चुकीचे निर्णय टळतात.

तुम्ही पोचेपर्यंत सिस्टरना रायल्स ट्यूबचं (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचं) फीड थांबवायला सांगा. वेदनाशामक आणि नेब्युलायझेशन (वाफेसारखं औषध) लिहून दिलेलं असेल तर तेही देऊन ठेवू देत.

आयसीयू_फिजिओ
सक्शनचं सांगतो. कॅथेटर: ट्यूबच्या मापातून २ वजा करून दुप्पट, म्हणजे ८ मिमीच्या ट्यूबला १२ फ्रेंच (कॅथेटरच्या जाडीचं माप). त्याहून जाड घातलं तर बाजूने हवा आत जायला जागा उरत नाही आणि फुप्फुस मिटतं. सक्शनचा दाब ८० ते १२० एमएमएचजी. आधी आणि नंतर ३० ते ६० सेकंद १०० टक्के ऑक्सिजन. आत जाताना सक्शन बंद. अडकलं की साधारण १ सेंमी मागे घ्या आणि बाहेर काढतानाच चालू करा. एक फेरी १५ सेकंदांच्या आत. नाडी एकदम मंदावली तर तिथेच थांबा. ट्यूबमध्ये सलाइन सरसकट टाकू नका. पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसात राखतो तो दाब) १० च्या वर असेल तर व्हेंटिलेटर काढून बॅगिंग (हाताने पिशवी दाबून श्वास देणं) नको, क्लोज्ड सक्शनच (व्हेंटिलेटर न काढता करायचं) वापरा.

एकाच बाजूचा आजार असेल तर मोठ्या माणसाला चांगलं फुप्फुस खाली करून कुशीवर वळवा. रक्तपुरवठा खालच्या बाजूला जास्त जातो. तान्ह्या बाळांत हे गणित लागू पडत नाही.

नवी_फिजिओ
खूप उपयोग झाला. आणि पोटाच्या ऑपरेशननंतरचा, ट्यूब नसलेला पेशंट असेल तर?

श्वासमित्र
दुखतं म्हणून तो खोकतच नाही, तेव्हा दुखणं आधी कमी करायला हवं. मग उठवून बसवा. शांत श्वास, ३-४ खोल श्वास (प्रत्येक ३ सेकंद रोखून), पुन्हा शांत श्वास, मग टाक्यांवर घडी केलेला टॉवेल दाबून १-२ हफ. हफ म्हणजे आरशावर वाफ सोडतो तसा, तोंड उघडं ठेवून. सगळे हफ लागोपाठ घेतले तर श्वासनलिका आवळते, म्हणून मधला शांत श्वास गाळू नका. पाठ थोपटत बसण्यापेक्षा जमत असेल तर खुर्चीत बसवणं कितीतरी जास्त कामाचं.