पॅरिसला स्टेशनवर रायफलवाले जवान फिरतात, आई म्हणते तिकडं युद्ध चालू आहे. कुणी नीट सांगेल का?

सातरस्ता_सोलापूर:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. उन्हाळ्यात आईला घेऊन पॅरिसला जाऊन आले, धाकटा भाऊ तिकडं नोकरीला आहे म्हणून टूरवाल्यांच्या भानगडीत न पडता आपापलंच गेलो. शहर आईला लई आवडलं, नदीचा काठ, बागा, सकाळी सकाळी बेकरीसमोरची रांग, सगळं. पण एअरपोर्टवरून लोकलनं गार दु नॉर नावाच्या मोठ्या स्टेशनावर उतरलो आणि समोरून चौघं जवान आले. मिलिटरीचे ठिपक्याठिपक्यांचे कपडे, डोक्यावर तिरकी टोपी, छातीवर आडवी रायफल, आणि एकदम हळू, रमतगमत चालायलेत. तिघं पुढं बघतात आणि शेवटचा दर थोड्या वेळानं वळून मागं बघतो. आणि आजूबाजूची ऑफिसला जाणारी माणसं कॉफीचे कप घेऊन त्यांच्या अंगाला घासून अशी निघालेली की जणू ते स्टेशनचे खांबच आहेत. आईनं माझा दंड धरला तो टॅक्सीत बसेपर्यंत सोडला नाही.

मग पुढं बघालो तर सगळीकडं तेच. लूव्हर म्युझियमच्या बाहेर जवान, डोंगरावरच्या त्या पांढऱ्या चर्चच्या पायऱ्यांवर जवान, आयफेल टॉवरला तर भोवती काचेची उंच भिंतच घातलीय आणि आत जाताना बॅग उघडून दाखवायची. पोलिस पण एका जातीचे नाहीत, कुणी निळे, कुणी काळे, एकदा तर चाकाचे बूट घालून कमरेला पिस्तूल लावलेले पोलिस सर्रकन गेले, ते बघून मात्र आई हसली. आणि रस्त्यावर कचऱ्याचे डबेच नाहीत, नुसत्या लोखंडी रिंगणाला आरपार दिसणारी पिशवी लटकवलेली. एवढं श्रीमंत शहर आणि डबा परवडंना का?

आता खरी अडचण. आईनं सोलापुरात परत आल्यावर अख्ख्या अपार्टमेंटला सांगितलंय की तिकडं युद्ध चालू आहे. दिवाळीत काका-काकू जाणार होते, काका आता म्हणतात नको बाई, गड्ड्याच्या यात्रेला लाखो लोक येतात तेव्हा पण आपल्याकडं एवढ्या बंदुका नसतात, तिकडं नक्की काहीतरी शिजतंय. हे कायमचंच आहे का? आणि त्या गर्दीत पोलिस कोण, मिलिटरी कोण, कसं ओळखायचं?

---

पार्कचौक_बाकडा:

काकांना म्हणावं सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरा की, 26/11 नंतर तिथं वाळूच्या पोत्यामागं बंदूकवाला बसलेला कितीतरी जणांनी बघितलाय. तिथं कोण घाबरतंय? वडापाव खात खात त्याच्यासमोरनं जातो आपण. परदेशात बंदूक दिसली की युद्ध, मुंबईत दिसली की बंदोबस्त, असं असतंय बे आपलं.

---

फ्रान्सवाला_भाऊ:

मी बरीच वर्षं फ्रान्समध्ये आहे, मूळचा विजापूर वेशीतला, त्यामुळं मी सांगतो.

काही शिजत नाहीये, हे असं जुनंच आहे. तुम्ही बघितलेले ते जवान खरंच आर्मीचे. जानेवारी 2015 मध्ये शार्ली एब्दो या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाच्या ऑफिसवर दहशतवादी हल्ला झाला, त्यानंतर लगेच सरकारनं ऑपरेशन सेंटिनेल म्हणून सुरू केलं आणि सुरुवातीला 10,000 च्या आसपास सैनिक देशभर रस्त्यावर उतरवले. त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला बाताक्लान थिएटर, कॅफे, स्टेडियम असे एकाच रात्री हल्ले झाले, 130 माणसं गेली, मग ते हटवायचा विषयच संपला. 2024 च्या ऑलिंपिकला तर पुन्हा भरघोस वाढवले होते. पण त्याच्याही आधीपासून विजिपिरात नावाची दहशतवादाविरुद्धच्या बंदोबस्ताची सरकारी योजना आहे, 1978 ची. दुकानांच्या, शाळांच्या दारावर लाल-काळा त्रिकोण चिकटवलेला दिसला असेल बघा, तोच तो. आणि तुमच्या कचऱ्याच्या डब्याचं उत्तर पण तिथंच आहे. 1995 मध्ये पॅरिसमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली, जुलैत साँ-मिशेल स्टेशनला लोकलमध्ये, मग ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात. तेव्हापासून डबे बंद करून आरपार पिशव्या आल्या, आत काय आहे ते लांबून दिसावं म्हणून. परवडण्याचा प्रश्न नाही ताई 😀

ओळखायचं कसं म्हणाल तर पाठीवर काय लिहिलंय ते वाचा. "पोलीस नॅशनाल" म्हणजे सरकारी पोलिस, पिस्तूल यांच्याकडं, चाकाच्या बुटातले ते पण हेच. "पोलीस म्युनिसिपाल" म्हणजे पॅरिसच्या महापालिकेचे, 2021 पासून आलेत, यांच्याकडं काठी आणि अश्रुधुराचा फवारा एवढंच, पॅरिसमध्ये तरी बंदूक नाही. काही दुसऱ्या शहरांत महापालिकेवाल्यांना पिस्तूल असतं. मोर्चाच्या दिवशी हेल्मेट आणि ढाली घेऊन गाड्यांतून उतरतात ते सीआरएस, म्हणजे आपली एसआरपीच समजा. जांदार्मरी म्हणून अजून एक आहे, ते दर्ज्यानं सैनिकच पण काम पोलिसांचं, खेडी आणि लहान गावं त्यांच्याकडं, शहरात एखाद्या मोठ्या सरकारी इमारतीच्या दारात दिसतील.

आणि मुख्य गोष्ट, त्या रायफलवाल्या जवानांना पोलिसाचे अधिकार नाहीत. तुमचा पासपोर्ट मागायचा नाही, बॅग उघडायला लावायची नाही. डोळ्यासमोर गुन्हा घडला तर धरून पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, तेवढं तर कुणीही करू शकतो. कागदपत्रं बघतात ते पोलिस. म्हणून आईला भीती ज्यांची वाटली त्यांचं तुमच्याशी काही देणंघेणंच नाही.

काका-काकूंनी घाबरायचं असेल तर त्या 1 नंबरच्या मेट्रोत घाबरावं, खिसेकापूंना. क्लिपबोर्ड घेऊन सही मागणाऱ्या पोरी आल्या की सरळ पुढं चालायचं. माझ्या मामांचं पाकीट तिथंच गेलं, प्लॅटफॉर्मवर बंदूकवाले उभे असताना. त्यांना पत्ता नाही, मामांनाही नाही.

---

सोरेगाव_निवृत्त:

ताई मी एसआरपीतून रिटायर झालो, सोरेगाव कॅम्पला होतो. फ्रान्स बघितला नाही पण बंदोबस्त आयुष्यभर केला, गडचिरोली पण झाली, आषाढीला पंढरपूर पण झालं, म्हणून सांगतो.

बंदूक बघून घाबरायचं नसतं, बोट बघायचं असतं. फोटो असेल तर बघा, त्या पोराचं बोट ट्रिगरवर नसणार, गार्डच्या बाहेर सरळ टेकवलेलं असणार, नळी जमिनीकडं तिरकी. म्हणजे माणूस ट्रेनिंगचा आहे आणि आत्ता काही नाहीये. पट्टा गळ्यात असतो तो ओढून कुणी हिसकावू नये म्हणून आखूड केलेला असतो. आणि तुम्ही म्हणालात शेवटचा वळून वळून मागं बघतो, ते त्याला दिलेलं कामच असतं, मागची बाजू त्याची. हळू का चालतात? घाईनं चालणाऱ्याला गर्दीतलं काही दिसत नाही, आणि अंगावर जॅकेट, मॅगझिन, वायरलेस, पाण्याची बाटली, दिवसभर असं घालून उभं राहून बघा म्हणजे कळेल, दुपारनंतर गुडघे बोलायला लागतात. ज्या दिवशी ते पळताना दिसतील त्या दिवशी घाबरा आणि ते हात करतील त्या बाजूला जा, उलट्या बाजूला नको.

वरती सीएसएमटीचं निघालं म्हणून लिहितो. 26/11 ला तिथं आपल्या पोरांकडं लाठी आणि जुन्या थ्री नॉट थ्री रायफली, समोर एके-47. तुकाराम ओंबळेंनी तर गिरगाव चौपाटीला नुसती लाठी हातात असताना त्या कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. अशोक चक्र मिळालं, पण त्या रात्री त्या माणसाच्या हातात काय होतं ते मी विसरू शकत नाही. त्यानंतर फोर्स वन हे कमांडो पथक काढलं, नवीन हत्यारं आली. त्यामुळं कुठल्याही शहरात जवानाच्या हातात धड रायफल दिसली की आमच्यासारख्याला बरं वाटतं, वाईट नाही.

---

बाळीवेस_शंकेखोर:

काका तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला नाही पटलं. रायफल असली म्हणजे सुरक्षा झाली असं कुठं आहे? पॅरिसमध्ये या सेंटिनेलच्या जवानांवरच हल्ले झालेत. फेब्रुवारी 2017 ला लूव्हरच्या खाली एकजण कोयता घेऊन त्यांच्यावरच धावून आला, त्याच ऑगस्टमध्ये पॅरिसला लागून असलेल्या लव्हालुआला एकानं त्यांच्या अंगावर गाडी घातली. म्हणजे गणवेश घालून उभं केलं की तेच टार्गेट. आणि फ्रान्सच्या सरकारी लेखापरीक्षकांनीच 2022 मध्ये विचारलंय की हे काम आर्मीनं किती वर्षं करायचं, पोलिसांकडं द्या की. एकदा रस्त्यावर आणलेलं सैन्य परत न्यायची हिंमत कुठल्याच सरकारला होत नाही, उद्या काही झालं तर खापर कुणाच्या डोक्यावर?

आणि सोलापूरकरानं तरी लष्कर रस्त्यावर म्हटलं की निवांत राहू नये. 1930 ला इथं मार्शल लॉ लागला, गांधी टोपी घातली म्हणून लोकांना धरलं, आणि 12 जानेवारी 1931 ला चौघा स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी. रोज हुतात्मा चौकातून जातो आपण.

---

फ्रान्सवाला_भाऊ:

@बाळीवेस_शंकेखोर, लूव्हरच्या वेळी त्या जवानांनीच त्याला गोळी घालून थांबवलं, आत म्युझियममध्ये शेकड्यांनी माणसं होती, ते पण लिहा की. बाकी खर्चाचं आणि कंटाळ्याचं तुमचं बरोबर आहे, तिकडच्या पेपरात पण हीच भांडणं चालतात, पोरं सैन्यात भरती होतात सीमेवर जायला आणि महिनोन्महिने चर्चसमोर येरझाऱ्या घालतात. पण मार्शल लॉशी तुलना नको राव. तिथं सगळा कारभारच लष्कराच्या हातात होता. इथं जवानाला साधं तुमचं नाव विचारायचा अधिकार नाही.

---

लंडनची_सून:

मी लंडनला असते. इथं उलटं आहे, 1829 ला पोलिस काढले तेव्हापासून साधा पोलिस बंदुकीशिवायच फिरतो, आजही बहुतेकांकडं नसते. त्यामुळं हीथ्रोवर किंवा पार्लमेंटच्या गेटवर मोठी बंदूक घेतलेला पोलिस दिसला की इथली माणसंच जास्त दचकतात. सासूबाई सोलापूरहून आल्या तेव्हा त्यांची तक्रार अशी की इथल्या पोलिसांकडं काहीच नाही, चोर आला तर हे काय करणार! म्हणजे असली तरी पंचाईत, नसली तरी पंचाईत.

एक कामाचं सांगते. काकूंना बजावून ठेवा, स्टेशनवर बॅग ठेवून बाकड्यावरून उठायचं नाही, बाथरूमला पण नाही. युरोपात बेवारस बॅग दिसली की भाग रिकामा करतात, गाड्या थांबवतात आणि बॉम्बपथक येतं. आमच्या ओळखीच्या एकांची पिशवी अशीच गेली, आत थेपले होते.

---

सातरस्ता_सोलापूर:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काकांना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. सोरेगावच्या काकांचं बोटाचं ऐकून त्यांनी माझ्या मोबाइलमधला फोटो मोठा करून करून बघितला, आणि खरंच बोट बाहेरच आहे! आता घाबरायचं राहिलं बाजूला, विचारालेत की त्या जवानांबरोबर उभं राहून फोटो काढता येतो का.

---

सोरेगाव_निवृत्त:

लांबून काढा, जवळ जाऊन खांद्यावर हात टाकायला नको. ड्युटीवरच्या माणसाला त्रास होतो. मला गड्ड्यात लोक लई वेळा म्हणायचे, साहेब एक सेल्फी. मी सरळ नाही म्हणायचो.

---

फ्रान्सवाला_भाऊ:

रस्त्यावर फोटो काढायला बंदी नाही, पण सोरेगावच्या काकांनी सांगितलं तेच बरोबर. चाकाच्या बुटातले पोलिस मात्र कधी कधी हसून उभे राहतात, त्यांना विचारून बघा म्हणावं. आणि पासपोर्ट जवळ ठेवा, पोलिसांनी मागितला तर दाखवावा लागतो. पाकीट पुढच्या खिशात. काही झालं तर 112 लावा.