संत्र्याच्या बागेत ब्लोअर नेताना ट्रॅक्टर घसरतो, साखळी लावावी का?

प्रश्न:
काटोलकडची काळी भारी जमीन, झाडं ६ × ६ मीटरवर. ट्रॅक्टर २४ एचपी, फोर व्हील, मागचे टायर ८.३-२०, मागे लिफ्टवर २०० लिटरचा ब्लोअर (पंख्याच्या हवेनं औषध फवारणारं यंत्र). पाऊस उघडला की आंबिया बहाराच्या फळांवर फवारणी करायची असते, पण उतारावर मागची चाकं जागीच फिरतात. साखळी कोणती घ्यावी, बसवावी कशी?

उत्तर १:
शिडीसारखी आडव्या पट्ट्यांची घेऊ नका. ती टायरच्या दोन दात्यांमधल्या खाचेत उतरते आणि पकड वाढत नाही. चौकटीच्या जाळीची घ्या, तिची कडी दात्यांवर टेकून राहतात. घेण्याआधी लिफ्ट वरखाली करून मडगार्ड आणि खालच्या लिंकपासून टायरला किती जागा आहे ते मोजा.
टायरमधली हवा आधी ठरवून घ्या. साखळी आवळल्यावर कमी केली तर ती सैल पडते. जमिनीवर पसरून पीळ काढा. हुकांची उघडी तोंडं बाहेर, नाहीतर टायरची बाजू चिरते. आतला हुक आधी, मग बाहेरचा. ५० मीटर चालवून परत आवळा. मडगार्डवर टणटण वाजलं की लगेच थांबा.

उत्तर २:
भाऊ, साखळीनं ट्रॅक्टर निघेल, पण बागेचं काय? संत्र्याची अन्न घेणारी मुळं बहुतेक वरच्या ३० सेंमीतच असतात. साखळी ती तोडते, खोल चाकोरी पाडते, तिथं पाणी साचतं. तुटकं मूळ आणि साचलेलं पाणी म्हणजे फायटोफ्थोरा बुरशीला आवतण. मग मूळकूज, डिंक्या (खोडातून डिंक गळणारा रोग). शिवाय आपली माती इतकी चिकट की जाळी भरली की चाकाचा नुसता गोळा होतो.
मूठभर माती दाबा. बोटांना चिकटली तर ट्रॅक्टर बांधावरच ठेवा आणि एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाला लांब पाइप जोडून गननं फवारा. ओळींमधलं गवत तणनाशकानं जाळू नका, कापून ठेवा. चाकाला तोच आधार.

उत्तर ३:
वरचं पटलं. साखळी रुतलेला ट्रॅक्टर काढण्यापुरतीच. मुळात मागे भरलेली टाकी असली की पुढची चाकं हलकी होतात, म्हणून फोर व्हील असूनही ती ओढत नाहीत. टाकी अर्धी भरा, बंपरला वजनाच्या प्लेटा लावा. एकच चाक फिरत असेल तर थांबून डिफ लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा खटका) दाबा, सरळ निघा, वळण्याआधी सोडा.
साखळीनं मागच्या चाकाचा घेर वाढतो, पुढच्याशी मेळ बिघडतो. चिखलात चालून जातं. कडक जमिनीवर फोर व्हील बंद करा, आणि डांबरीवर यायच्या आधी साखळी काढाच.