अमेरिकेत इमिग्रेशनची कडक अंमलबजावणी: घरात आधीपासून काय तयार ठेवायचं?

उंबरठा२
असं घर धरा: एक जण एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, जोडीदार एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर (वर्क परमिटसह), लवकरच चौदा पूर्ण करणारी मुलगी एच-फोरवर, सहा वर्षांचा मुलगा जन्माने अमेरिकन. आजी-आजोबा ग्रीन कार्डवर, पण वर्षातले बरेच महिने भारतात. सगळं कायदेशीर. तरी व्हॉट्सअॅपवर रोज काहीतरी येतं: मूळ पासपोर्ट खिशात ठेवा, दार उघडू नका, कशावर सही करू नका. यातलं खरं काय? 'वकिलाला विचारा' हे माहीत आहे. वकिलाकडे जाण्याआधी काय हाताशी हवं ते सांगा.

तारीखवार
दाराचं नंतर बघू. आधी घरातल्या व्हिसावरच्या प्रत्येकाची आय-९४ (प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) सीबीपीच्या, म्हणजे सीमेवर तपासणी करणाऱ्या खात्याच्या, साइटवरून काढा आणि शेवटची तारीख वाचा. पासपोर्टमधल्या व्हिसावरची तारीख देशात शिरण्यापुरती असते. राहायची मुदत आय-९४ ठरवते.

घोटाळा असा होतो. एच-वनची मंजुरी सप्टेंबर २०२७ पर्यंत, पासपोर्ट मात्र मार्च २०२७ ला संपणारा. विमानतळावरचा अधिकारी मार्चचीच तारीख टाकतो. पुढे नवा पासपोर्ट आला तरी ती आपोआप सरकत नाही. मुलांच्या बाबतीत हे जास्त, कारण लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. आईबाबांच्या तारखा ठीक म्हणून पोरांच्या कुणी बघत नाही.

उपाय मुदत संपायच्या आतच करायचा: मुदतवाढीचा अर्ज, मुलांसाठी आणि जोडीदारासाठी आय-५३९ फॉर्मवर, एच-वनवाल्यासाठी कंपनीकडून आय-१२९ वर. नव्या पासपोर्टवर बाहेर जाऊन परत येणं हा दुसरा मार्ग, पण पासपोर्टवर नव्या व्हिसाचं स्टॅम्पिंग बाकी असेल तर सध्या त्याच्या वाटेला जाऊ नका. सीबीपीचं डिफर्ड इन्स्पेक्शनचं ऑफिस विमानतळावरच्या अधिकाऱ्याची चूक दुरुस्त करतं. पासपोर्टमुळे छाटलेल्या तारखेला ते चूक मानतीलच असं नाही.

एक्स्टेन्शन अमेरिकेत राहूनच झालं असेल तर नवी आय-९४ आय-७९७ए या मंजुरीपत्राच्या खालच्या भागात छापलेली असते, साइटवर जुनीच दिसते. जी शेवटी मिळाली ती धरायची.

हे सगळं आताच का? २८ फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानुसार अर्ज नामंजूर झाला आणि मुदतही उलटलेली असली, तर यूएससीआयएस (इमिग्रेशनचे अर्ज हाताळणारं खातं) 'नोटीस टू अपियर' काढतं, म्हणजे इमिग्रेशन कोर्टाचं बोलावणं. आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या वर्क परमिटच्या नूतनीकरणांना, मोजके अपवाद सोडता, आपोआप मुदतवाढ मिळत नाही. एच-वन, एच-फोर आणि वर्क परमिट तिन्हींचे अर्ज सहा महिने आधी एकदमच टाका.

पत्रपेटी
तारखांइतकाच पत्ता महत्त्वाचा. घर बदललं की १० दिवसांत एआर-११ हा पत्ता कळवायचा फॉर्म, अमेरिकन नागरिक नसलेल्या प्रत्येकाचा वेगळा. पोस्टात फॉरवर्डिंग लावलं म्हणून यूएससीआयएसची पाकिटं नव्या पत्त्यावर येतील या भरवशावर राहू नका, ती परत पाठवली जातात. कुणाची कोर्टात केस चालू असेल तर एआर-११ तिथे पोचत नाही. कोर्टाला पत्ताबदलाचा ईओआयआर-३३ फॉर्म वेगळा द्यावा लागतो, तोही पाच दिवसांत. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि तारीख चुकली की गैरहजेरीतच हद्दपारीचा हुकूम निघतो. असे हुकूम फिरवणं महाकठीण.

मुलीचं: ११ एप्रिल २०२५ पासून परकीय नागरिकांच्या रजिस्ट्रेशनचा (सरकारकडे नोंदणीचा) नियम खरोखर राबवला जातोय. आय-९४ असलेला माणूस नोंदलेलाच धरला जातो, पण चौदा पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत पुन्हा नोंद लागते. यूएससीआयएसवर मुलीच्या नावाचं स्वतंत्र खातं उघडून जी-३२५आर हा नोंदणीचा फॉर्म भरा. तुमच्या खात्यातून तिचा भरू नका. मग बोटांच्या ठशांची तारीख येते. ते झालं की नोंदणीचा पुरावा खात्यातून उतरवून घ्या.

कडीकोयंडा
खिशाबद्दल: १८ वर्षं आणि पुढच्या प्रत्येक परकीय नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा, हा कायदा जुनाच आहे. एच-वन, एच-फोरला आय-९४ ची छापील प्रत चालते. मूळ पासपोर्ट रोज घेऊन हिंडायची गरज नाही. तो हरवला तर वेगळीच यातायात. त्याच्या पहिल्या पानाची आणि आय-७९७ ची प्रत पुरे. वर्क परमिट किंवा ग्रीन कार्ड मात्र मूळच हवं, फोनमधला फोटो नाही.

दाराबद्दल: कागद दाराखालून सरकवायला किंवा खिडकीला लावून दाखवायला सांगा. न्यायाधीशाचं वॉरंट असेल तर वर 'डिस्ट्रिक्ट कोर्ट' (किंवा राज्याच्या कोर्टाचं नाव), खाली न्यायाधीशाची सही, आणि झडतीचं असेल तर तुमच्या घराचा पत्ता. आय-२०० किंवा आय-२०५ असं लिहिलेला, होमलँड सिक्युरिटीच्या अधिकाऱ्याने सही केलेला कागद म्हणजे कोर्टाचं वॉरंट नव्हे. त्यावर दार उघडायला तुम्ही बांधील नाही. तरी कुणी जबरदस्तीने आत आलंच तर अडवायचं नाही, हात उघडे दिसू द्यायचे, 'माझी संमती नाही' एवढंच म्हणायचं. बाकी भांडण वकील कोर्टात करेल. बिल्डिंगची लॉबी आणि पार्किंग म्हणजे तुमचं घर नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

गप्प राहायचा हक्क आहे, खोटं बोलायचा नाही. आणि 'मी सिटिझन आहे' हे चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. या एका वाक्याने पुढची सगळी दारं कायमची बंद होऊ शकतात.

उंबरठा२
आणि दोघांनाही एकदम नेलं तर? धाकट्याचं काय?

तारीखवार
त्यासाठी आज तीन गोष्टी. शाळेच्या इमर्जन्सी कार्डावर तुमच्याखेरीज दोन माणसांची नावं, जी मुलाला घेऊन जाऊ शकतील. मग सांभाळणाऱ्याला अधिकार देणारा कागद. तो राज्यागणिक बदलतो: कॅलिफोर्नियात 'केअरगिव्हर्स ऑथरायझेशन अॅफिडेव्हिट' सांभाळणारी व्यक्तीच भरते, न्यूयॉर्कमध्ये आईबापांनी नेमणूक लिहून द्यायची आणि ३० दिवसांच्या वर हवी असेल तर नोटरी. इंटरनेटवरून दुसऱ्याच राज्याचा नमुना उचलू नका. तिसरं, मुलाचा अमेरिकन पासपोर्ट. सोळाखालच्या मुलासाठी दोन्ही पालक हजर लागतात, नाहीतर न आलेल्याचा नोटरी केलेला डीएस-३०५३ हा संमतीचा फॉर्म. एक जण अटकेत असताना ती सही मिळवणं फार अवघड. भारतात जायची वेळ आली तर त्याला ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) किंवा व्हिसाही लागेल, तो आधीच काढा.

कडीकोयंडा
कंपनीच्या वकिलावर विसंबू नका. त्याचं काम पिटिशनचं (कंपनीच्या व्हिसा-अर्जाचं), आणि त्याचा मुख्य अशील बहुधा कंपनी. हद्दपारीच्या केसेस लढणारा वेगळा वकील शोधून त्याच्याशी जी-२८ या वकीलपत्राच्या फॉर्मवर सह्या करून ठेवा, म्हणजे तो पहिल्याच दिवशी आत बोलू शकतो. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. जामीन मिळालाच तर कमीत कमी १,५०० डॉलर, प्रत्यक्षात बऱ्याचदा कितीतरी जास्त.

अटकेतला माणूस शोधायचा तर आइसचा (इमिग्रेशनची अटक आणि हद्दपारी करणाऱ्या खात्याचा) ऑनलाइन लोकेटर. ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने माणसाला दिलेला क्रमांक) आणि जन्मदेश टाकला की झालं, पण एच-वनवाल्याकडे बहुतेकदा ए-नंबर नसतो, मग नावावरून शोधावं लागतं. आणि आपल्याकडे वडिलांचं नाव कधी गिव्हन नेममध्ये, कधी गायब. 'काही सापडलं नाही' आलं तर वडिलांचं नाव धरून, वगळून, आडनावाला जोडून, असं प्रत्येक प्रकारे टाकून बघा. पासपोर्टवरचं स्पेलिंग कागदावर लिहून सांभाळणाऱ्याकडे द्या. भारतीय कॉन्सुलेटला आपोआप कळवलं जात नाही. अटक झालेल्याने तशी मागणी करायची असते.

पत्रपेटी
आजी-आजोबांचं राहिलं. 'सहा महिन्यांत एक फेरी मारली की कार्ड टिकतं' हा समज चुकीचा. १८० दिवसांवर गेलं की विमानतळावर नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी चौकशी होऊ शकते, आणि १८० च्या आतल्या फेऱ्यांतूनही अधिकारी विचारू शकतो की राहता नक्की कुठे. वर्षभर बाहेर राहिलं तर नुसतं कार्ड परत यायला चालत नाही. लांब मुक्काम ठरला असेल तर अमेरिकेत असतानाच आय-१३१ हा फॉर्म भरून री-एन्ट्री परमिट (परत येण्याचा परवाना) घ्या, बोटांचे ठसेही इथेच देऊन मग निघा. ते दोन वर्षांपर्यंत मिळतं.

विमानतळावर कुणी आय-४०७ पुढे केला तर तो कार्ड आपखुशीने सोडल्याचा फॉर्म आहे. दोघांनाही त्याचा नंबर पाठ करून घ्या. सही करायची नाही, 'इमिग्रेशन जज' एवढे दोन शब्द म्हणायचे. सुनावणी होईपर्यंत ते कायम रहिवासीच राहतात. कार्ड काढून घेतलं तर त्याबदली तात्पुरता पुरावा मागून घ्यायचा.