रन कलरला मारते की कलर रनला? अनुवादात अडलेला डाव

राजारामपुरीकर: एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय आणि शेवटच्या डावावर अडलेय. जुनं पोकर आहे, पाच-पाच पानं वाटायची आणि नको ती बदलून घ्यायची. नायकाकडं सत्तीपासून गुलामापर्यंत ओळीनं पानं आहेत. तो होतं नव्हतं ते सगळं लावतो. समोरचा पाच बदाम मांडतो आणि नायक रस्त्यावर येतो. मूळ शब्द ओळीच्या पानांना ‘स्ट्रेट’ आणि एका जातीच्या पानांना ‘फ्लश’. मी ‘रन’ आणि ‘कलर’ लिहिलं, कारण आमच्याकडं खेळणाऱ्यांच्या तोंडी हेच. सासऱ्यांनी वाचलं आणि म्हणाले, "लेखकाला पत्ते येत नाहीत. रन कलरला मारते. हा गडी जिंकलाय." म्हणून मूळचेच शब्द ठेवून बघितले, तर म्हणाले, "फ्लश लागला म्हणजे काय? फ्लश हे तर खेळाचं नाव." संपादकांचं तिसरंच: ‘क्रमपंचक’ आणि ‘एकवर्णी’. शिवाय ‘फोल्ड’साठी, म्हणजे डाव सोडून देण्यासाठी, मी ‘पॅक झाला’ लिहिलं होतं, ते खोडून त्यांनी ‘पाने मिटली’ केलंय. पत्त्याच्या डावात कुणी पानं मिटल्याचं ऐकलंय का? काय ठेवू?

गुऱ्हाळवाला: ताई, सासरे शंभर टक्के बरोबर. आपल्या तीन-तीन पानांच्या तीन पानीत सगळ्यात वर ट्रेल म्हणजे तीन सारखी पानं, मग पक्की रन म्हणजे एकाच जातीची ओळ, मग कच्ची रन म्हणजे मिसळ जातींची ओळ, मग कलर, मग जोडी, आणि काहीच नसलं तर मोठं पान. आमच्या गुऱ्हाळावर काहिलीखाली रात्रभर जाळ असायचा. पाळी संपलेले, जाळ घालणारे जळवे एका बाजूला घोंगडं टाकून बसायचे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हा क्रम पाठ. आणि ‘पॅक’च ठेवा. ‘पानं मिटली’ म्हटलं की खेळ संपवून कॅट गोळा केला असं वाटतं. पॅक झालेला माणूस तिथंच बसून पुढचा डाव बघत असतो.

शिरोळचे गुरुजी: क्रम वेगळा का, ते सांगतो, म्हणजे लेखकावरचा आळ जाईल. ५२ पानांतून तीन उचलण्याचे २२,१०० प्रकार होतात. त्यांत कच्ची रन ७२० वेळा, कलर १,०९६ वेळा. रन दुर्मीळ, म्हणून ती वर. पाच पानं उचलली तर प्रकार २५,९८,९६०. तिथं साधी रन १०,२०० वेळा आणि कलर ५,१०८ वेळा. उलटंच झालं. म्हणून पोकरमध्ये कलर रनला मारतो. दोन्ही खेळ आपापल्या जागी खरे आहेत. अडचण शब्दाची कमी, खेळ बदलल्याची जास्त. शब्द कुठलाही निवडा, वाचक तीन पानीच्या हिशेबानं वाचणार.

एक गोष्ट मात्र मला विद्यार्थिदशेपासून खटकते. तीन पानांत ट्रेल ५२ प्रकारे होते आणि पक्की रन ४८ प्रकारे. पक्की रन जास्त दुर्मीळ, तरी ट्रेल वर! तिथं गणित चालत नाही, तीन एक्क्यांचा मान चालतो.

मराठीनिष्ठ: सगळे ‘कलर’ गृहीत धरून चाललेत, त्याला माझी हरकत आहे. पाच बदाम आणि दोन बदाम-तीन चौकट, दोन्ही लालच. मग ‘कलर’ हा शब्द सांगतो काय? इंग्रजीतच तो या अर्थानं नाही, म्हणजे आपण परका शब्द घेतला आणि तोही चुकीचा. ‘एकवर्णी’ मलाही जड वाटतो, पण ‘एकजात’ का नको? ‘एकजात बदाम मांडले.’ वाचणारा कुठंही अडखळणार नाही. शब्द छापला की रुजतो. सावरकरांनी सुचवलेला ‘महापौर’ आज आपल्या महापालिकेच्या पाटीवर आहे आणि कुणाला तो बोचत नाही.

मंगळवार पेठ: ‘एकजात’ वर्णन म्हणून झकास. पण पानं उघडताना माणूस काय ओरडेल? "कलर!" असंच ओरडेल. गणपतीत तालमीच्या मांडवात रात्र जागवताना कुणी "एकजात" म्हणालेलं ऐकलं नाही. आणि परका शब्द काढायचा तर ‘हुकूम’ही काढा की. तो अरबी आहे. ‘हुकमाचा एक्का’ गेला तर मराठीत उरलं काय?

मराठीनिष्ठ: ‘हुकूम’ शेकडो वर्षं मुरलाय, त्यापासून ‘हुकमी’ झालं, म्हणी झाल्या. ‘कलर’पासून काय झालं? माधव जूलियन आपल्या राजाराम कॉलेजात शिकवत. १९२५ साली फारसी-मराठी कोश त्यांनीच केला आणि पुढं भाषाशुद्धीचा कैवारही त्यांनीच घेतला. परकं काय आहे हे नीट ओळखणारा माणूसच निवड करू शकतो. मी सगळं हाकला म्हणत नाही, निवड करा म्हणतोय.

कसबा बावडा (वकील): ‘फ्लश’बद्दल सासऱ्यांच्या बाजूनं पुरावा देतो. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं रमीबद्दलचा निकाल दिला. आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण, आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असलेला. रमीत कौशल्य आहे असं म्हणताना न्यायालयानं तीन पानांच्या खेळाचा उल्लेख केला, त्याला ‘फ्लश’, ‘ब्रॅग’ अशी नावं आहेत म्हटलं आणि तो निव्वळ नशिबाचा ठरवला. म्हणजे फ्लश हे खेळाचं नाव थेट निकालपत्रात आहे. कोल्हापूरच्या साठीपुढच्या वाचकासाठी ‘त्याला फ्लश लागला’ हे वाक्यच होत नाही.

आणि ‘ब्रॅग’ हा मूळ इंग्रजांचा तीन पानांचा खेळ. त्यात ‘रन’ आहे, ती फ्लशच्या वर आहे, आणि सारख्या तीन पानांना ‘प्रायल’ म्हणतात, ‘पेअर रॉयल’चा आखूड केलेला शब्द. माझं ठाम मत आहे की आपली ‘ट्रेल’ ही प्रायलच. गोऱ्या शिपायांकडून ऐकताना ‘प्र’चा ‘ट्र’ झाला.

गुजरीतला: वकीलसाहेब, ट्रेलचं तुमचं पटतंय, पण ‘रन’ नव्हे हो. ‘रोन’. पक्की रोन, कच्ची रोन. आमच्या गल्लीत सराफांची दुकानं, निम्मे शेजारी गुजराती. दिवाळीत पेढीवर डाव मांडला की सगळे ‘रोन’च म्हणायचे. तुम्ही क्रिकेटची ‘रन’ आणून बसवलीय.

गुऱ्हाळवाला: क्रिकेटची कशी? वकीलसाहेबांनी आत्ताच सांगितलं, इंग्रजीतच ‘रन’ आहे. गुजराती बोलण्यात तिचं ‘रोन’ झालं असेल. आमच्या करवीर तालुक्यात रनच.

कोथरूडकर: मूळची इचलकरंजीची, आता पुण्यात. इथं सगळे ‘तीन पत्ती’ म्हणतात. मी ‘तीन पानी’ म्हटलं की वहीची तीन पानं का, असं विचारतात.

मंगळवार पेठ: ‘तीन पानी’च. सकाळचा पेपर उघडा, ‘तीन पानी जुगार अड्ड्यावर छापा’ अशी बातमी ठरलेली. आमच्याकडं पत्ता पोस्टमनला लागतो, खेळायला पानं लागतात. पानं पिसायची, वाटायची, उतरायची.

शिरोळचे गुरुजी: भांडू नका, दोन्ही शब्द झाडावरचेच. पर्णाचं पान, पत्राचा पत्ता.

आंबोली घाट: झाडावरून आठवलं. इस्पिक, किलवर हे शब्द कुठून आले याचा कुणी विचार केलाय का? बदाम आणि चौकट आपले, हे दोन उपरे. डचांच्या भाषेत किलवरला ‘क्लावर’ म्हणतात, आणि सिंहलीत याच पानांना ‘कलाबर’. श्रीलंकेत डच होते, वेंगुर्ल्यातही त्यांची वखार होती. किलवर तिथूनच घाट चढून वर आलं, दुसरं काही मला पटत नाही.

कसबा बावडा (वकील): आणि इस्पिक? ते पोर्तुगीज ‘एस्पादा’. गोवा कुठं लांब आहे!

आंबोली घाट: एस्पादाचा ‘द’ जाऊन ‘क’ कसा आला? फ्रेंच लोक इस्पिकला ‘पिक’ म्हणतात, ते जास्त जवळचं. पण या पानांखेरीज सावंतवाडीला गंजिफा होताच. गोल पानं, दशावतारी डावात दहा रंग, प्रत्येकी बारा, एकूण १२०. राणी नाही, राजा आणि वजीर. दिवसा खेळलात तर रामाची पहिली उतारी, रात्री कृष्णाची. या खेळात एका जातीच्या पानांना ‘रंग’ म्हणायचे, आणि सगळे रंग खरोखर वेगवेगळ्या रंगांनी रंगवलेले. म्हणून मराठीनिष्ठांना सांगतो, ‘कलर’ हा या ‘रंग’चाच इंग्रजी वेष असेल तर तो चुकीचा नाही.

मराठीनिष्ठ: हे फार मोलाचं सांगितलंत. पण मग वेष उतरवा आणि ‘रंग’ लिहा! ‘त्याला बदामाचा रंग लागला.’ माझी याला पूर्ण संमती.

मंगळवार पेठ: बदामाचा रंग म्हटलं की मला साडीच दिसते.

राजारामपुरीकर: सगळ्यांचे आभार, पण रन हरते कशी हे वाचकाला कळायचं कसं, ते तसंच राहिलंय.

शाहूपुरीची आत्या: बाळ, कथेच्या पहिल्या पानांवरच सोय कर. डाव सुरू होताना पानं वाटणारा एका नवख्याला सांगू दे, "इथं पाच पानं आहेत, कलर रनच्या वर." एक वाक्य. मग शेवटी सासरेसुद्धा गप्प बसतील, उलट नायकाच्या हातात रन आली की त्यांच्याच पोटात गोळा येईल.

मराठीनिष्ठ: आत्या, मूळ लेखकानं न लिहिलेलं वाक्य अनुवादकानं घालायचं? तळटीप द्या.

शाहूपुरीची आत्या: तळटीप ऐन डावात कोण वाचतं? मूळच्या वाचकाला जे आधीच ठाऊक होतं, तेच आपल्या वाचकाला आधी ठाऊक करून द्यायचं. यात लेखकाचं काय गेलं?

मंगळवार पेठ: आत्यांशी सहमत. आणि ताई, कथेत ‘ब्लफ’ असेल तर ‘थाप’ लिहू नका. थाप तोंडानं मारतात. हातात काही नसताना पैसे वाढवत नेणं म्हणजे ‘हूल’. आखाड्यात पैलवान पट काढायची हूल देतो आणि भलताच डाव टाकतो, तेच हे.

कोथरूडकर: ‘हूल’ सुंदर! पण ती शरीरानं देतात ना? पोकरमध्ये तर चेहरा हलवायचा नसतो.

मंगळवार पेठ: पैसे पुढं सरकवणं ही हालचालच आहे की.

गुजरीतला: हूल राहू दे. रोनचं अजून मिटलेलं नाही. एक्का-दुर्री-तिर्री ही सगळ्यात मोठी रोन की एक्का-राजा-राणीच्या खालची? आमच्या पेढीवर ती सगळ्यात मोठी.

गुऱ्हाळवाला: आमच्याकडं दुसऱ्या नंबरची. आणि रन.