मुतखडा ६.५ मिमी, कळ थांबली आहे. ऑपरेशन लगेच करावं की वाट पाहावी? (हे टँकर चालवतात)

ह्यांच्या डाव्या मूत्रवाहिनीत ६.५ मिमीचा खडा आहे, मूत्राशयाच्या अगदी जवळ आलेला. दोन डॉक्टरांनी दोन वेगळे सल्ले दिलेत आणि शनिवारपर्यंत आम्हाला ठरवायचं आहे. ज्यांनी हे भोगलंय किंवा घरात पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

हे ४१ वर्षांचे. दुधाचा टँकर चालवतात, फलटण ते नवी मुंबई, रात्रीची फेरी. अठरा दिवसांपूर्वी बोरघाट उतरताना डाव्या कुशीत कळ आली. आधी गॅस वाटला. मग कळ जांघेपर्यंत उतरली, घाम फुटला, उलटीची भावना झाली. कसाबसा घाट उतरून खालापूरच्या टोलनाक्यापुढे गाडी बाजूला घेतली आणि क्लीनरने मला फोन केला. भरलेला टँकर, उतार, आणि स्टिअरिंगवर कळीने वाकलेले हे. तेव्हापासून मला रात्री नीट झोप नाही.

साधा सीटी स्कॅन झालाय. डावी किडनी थोडी फुगलेली आहे. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.०, लघवीत रक्तपेशी आहेत पण जंतुसंसर्ग नाही, ताप नाही. उजव्या किडनीतही ५ मिमीचा एक खडा सापडला, त्याचा काहीच त्रास नाही.

पहिले डॉक्टर म्हणाले, भरती व्हा, दुर्बिणीतून लेझरने फोडून टाकू, आत स्टेंट (मूत्रवाहिनीतली बारीक नळी) ठेवू, दोन आठवड्यांनी काढू. खर्च सत्तर हजारांच्या आसपास. दुसरे म्हणाले, खडा खाली आलाय, ताप नाही, किडनीचं काम नीट आहे, तर चार आठवडे टॅमसुलोसिन (मूत्रवाहिनी सैल करणारी गोळी) घ्या, पाणी प्या, आपोआप पडण्याची बरीच शक्यता आहे.

गेले नऊ दिवस कळ नाही. ह्यांचं म्हणणं, खडा पडला, आता मी गाडीवर जातो. पण पडताना कुणी पाहिला नाही. लघवी गाळून घ्यायला सांगितलं होतं, घरी गाळतातही, पण बाहेर असले की कुठे गाळणार? मालक चांगले आहेत, सुट्टीला नाही म्हणत नाहीत, पण फेरी नाही तर पगार नाही.

सासूबाई रोज हुलग्याचं कढण देतात. त्याने पोटात पाणी तरी जातंय, म्हणून मी काही बोलत नाही.

दोन्ही डॉक्टरांनी खड्याचं माप पाहिलं. हा माणूस रात्री काय काम करतो, हे कुणीच विचारलं नाही. घरी बसणाऱ्याने चार आठवडे थांबणं आणि घाटात गाडी चालवणाऱ्याने थांबणं सारखंच कसं? आणि उजव्या खड्याचं काय करायचं?

प्रतिसाद १

ताई, माझा ५ मिमीचा होता, सोळाव्या दिवशी पडला. चहाच्या गाळणीत आला. मधले आठ दिवस मलाही काही दुखत नव्हतं आणि मीही पडला असं धरून चाललो होतो. अकराव्या रात्री पुन्हा कळ आली ती पहिल्यापेक्षा जोरात. एवढंच सांगतो, कळ थांबली म्हणून गाडीवर पाठवू नका. मी दुकानात बसतो, खाली बसून घेता आलं. त्यांना घाटात बसून घेता येणार नाही.

प्रतिसाद २

मी युरॉलॉजी वॉर्डात नर्स आहे. तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी नाही, पण रोज पाहते ते लिहिते.

कळ थांबण्याचे दोन अर्थ असतात. एक, खडा पडला. दुसरा, खडा तिथेच आहे पण किडनीवरचा ताण कमी झालाय. दुसऱ्यात किडनी गुपचूप खराब होऊ शकते, म्हणून नुसतं न दुखण्यावर विसंबू नका. पुन्हा सोनोग्राफी करून फुगवटा उतरला का ते पाहा. सीटीतला खडा एक्स-रेवर दिसणारा असेल तर साधा एक्स-रेही चालतो. यूरिक अॅसिडचा खडा मात्र एक्स-रेवर दिसत नाही.

५ मिमीपर्यंतचे साधारण ६८ टक्के आणि ५ ते १० मिमीचे सुमारे ४७ टक्के खडे आपोआप पडतात. खाली आलेल्याला संधी जास्त. म्हणजे दुसरे डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत. पण थांबायची हद्द चार ते सहा आठवडे, त्यापुढे नाही.

थंडी वाजून ताप आला तर त्याच रात्री दवाखाना गाठा, सकाळची वाट पाहू नका. अडलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेततं. लघवी बंद होणं, उलट्यांमुळे गोळी पोटात न टिकणं, हेही तसंच.

टॅमसुलोसिनने उठताना चक्कर येऊ शकते. दुखण्यासाठी ट्रामाडॉल दिलं असेल तर गुंगी येते. दोन्ही घेऊन टँकर चालवणं बरोबर नाही. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

प्रतिसाद ३

माझं दोन वर्षांपूर्वी लेझरने झालं. ऑपरेशनचा त्रास नव्हता, स्टेंटचा होता. सारखी लघवी आल्यासारखं वाटायचं, करताना कुशीत ओढ लागायची, चाललं की लघवी लाल. रात्रभर सीटवर बसून चालवणं मला त्या दोन आठवड्यांत जमलं नसतं. तेव्हा ऑपरेशन केलं की लगेच कामावर, असं धरू नका. आणि स्टेंट काढायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आत विसरलेल्या स्टेंटवरच खडे धरतात.

उजव्या खड्याबद्दल : २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक लहान अभ्यास आला, ७३ रुग्णांचा. दुसऱ्या खड्यासाठी ऑपरेशन होतच आहे, तर ६ मिमीपर्यंतचे न दुखणारे खडेही त्याच वेळी काढावेत का? काढलेल्यांपैकी १६ टक्के आणि ठेवलेल्यांपैकी ६३ टक्के जणांना पुढे पुन्हा त्रास झाला किंवा तो खडा वाढला. पण हे ऑपरेशन होणारच असेल तर. नुसत्या त्या खड्यासाठी टेबलावर झोपा, असं त्यात म्हटलेलं नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले. दुकानवाल्या दादांच्या अकराव्या रात्रीवर हे गप्प झाले. मालकांना फोन करून दोन आठवडे दुसरा चालक बघायला सांगितलंय.

सोमवारी सोनोग्राफी आणि एक्स-रे. खडा तिथेच असेल तर पहिली कळ आल्यापासून चार आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबायचं, घरीच, गाडीवर नाही. त्यानंतर लेझर, आणि तेव्हा उजवाही त्याच वेळी काढता येईल का ते विचारायचं. फुगवटा वाढला असेल तर लगेच भरती.

एक राहिलं. हे गाडीत पाणी मुद्दाम कमी पितात, मध्ये थांबावं लागू नये म्हणून. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी असं वाचलं. रात्रीच्या फेरीवर जाणाऱ्या कुणी हे जमवलंय का? कुठे थांबता, किती वेळा, तेवढं लिहा.